आवाज आढळला नाही

गाडी घेतली त्या दिवशी सेल्समनने पेढा दिला,
चावीला गणपती, बॉनेटवर झेंडू,
आणि एक जाड पुस्तक:
तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर,
यातलं जे आधी संपेल ते.

आवाज चवथीनंतर सुरू झाला.
मागे, डावीकडे, आई बसते त्या बाजूला.
फेरीबोटीच्या उतारावर पुढची चाकं लोखंडावर
आणि मागची अजून चोडणच्या सिमेंटवर,
तेवढ्याच वेळापुरता: कुंईऽऽ.
"भितर माजराचें पील आसा रे," आई म्हणाली.
मी डिकी उपसली. स्टेपनी, जॅक,
माटोळीतून निसटलेली एक वाळकी सुपारी.

खोर्लीच्या वर्कशॉपात गाडी गप्प.
त्यांचा पोरगा तिला हायवेवर नेऊन आणायचा,
काचा बंद, एसी चालू,
आणि कार्डावर लिहायचा: ग्राहकाच्या सांगण्यानुसार आवाज.
खाली: आवाज आढळला नाही.
वर गाडी फुकटात धुऊन द्यायचा.
तिसऱ्या खेपेला मी काउंटरवर
तोंडाने आवाज काढून दाखवला.
रांगेतला एकजण म्हणाला, माझाही असाच,
पण पुढून, आणि जरा जाड.
एका बाईच्या पायांवर एसीचं पाणी ठिबकत होतं डिसेंबरपासून.
एकाची काच म्हार्दोळला खाली गेली ती वर आलीच नव्हती,
तो एका हाताने प्लॅस्टिक धरून आला होता.
कुणाच्याच कार्डावर काही आढळलं नव्हतं.
गाड्या बाहेर ओळीने उभ्या, धुतलेल्या, निरागस.

आमच्या वाड्यावरचा इनास मेस्त
तोंडात टॉर्च धरून खाली सरकला,
दोन मिनिटांत बाहेर आला.
"बुश गेलाय. रबर सुकलंय, खारं वारं.
चारशे रुपये. पण मी पाना लावला
तर तुमची वॉरंटी जाते."
आणि हात पुसून त्याने खरंच
काहीच केलं नाही.

मग ती काउंटरवरची मुलगी, उर्वी च्यारी,
जेवणाच्या सुट्टीत स्वतःच्या स्कूटरने फेरीवर आली.
आई जागा सोडेना. "वजन बदललं तर पील ओरडायचं नाही."
तेव्हा ती आईला खेटून बसली,
मांडीवर डबा, डोळे मिटलेले.
आम्ही चोडणला गेलो, वळलो, परत उतारावर आलो.

कुंईऽऽ.

तिने डोळे उघडले नाहीत. नुसती मान हलवली,
डॉक्टर छातीला नळी लावून हलवतात तशी.
बोटीवर डबा उघडला, आईने आत डोकावून
तिच्या आईचं गाव विचारून घेतलं.
त्या संध्याकाळी कार्डावर, ठळक अक्षरांत:
आवाज आढळला.

मी त्या कार्डाचा फोटो काढून ठेवलाय.

एकोणीस दिवसांनी कंपनीचं पत्र आलं.
सदर आवाज हा दोष नसून
वाहनाचा स्वभाव आहे.
उर्वीने ते देताना माझ्याकडे पाहिलं नाही,
शिक्का मारायच्या जागी दोनदा शिक्का मारला.

आईने पत्र मला मोठ्याने वाचायला लावलं.
मग दाराला धरून, कटकट वाजत, खाली उतरली
आणि गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली,
"तांकां बरोवन विचार, म्हज्या धोंपरांचोय
सभावच मरे हो?"

इनासने बुश आणून ठेवलाय,
जुन्या पेपरात गुंडाळून, वर माझं नाव,
फळीवर, ब्रेक ऑइलच्या डब्यामागे.
वॉरंटीचे अजून अकरा महिने आहेत.

काल उतारावर आवाज आला नाही.
आईने मागे वळून पाहिलं.
मीही ब्रेकवर पाय ठेवून थांबलो,
अर्धी गाडी पाण्यावर, अर्धी जमिनीवर.
खलाशी शिट्टी मारत होता.